साठ दिवसांचे पाहुणे

'पाहुणा' हा शब्द संस्कृतातल्या 'प्राघूर्ण'पासून निघाला आणि प्राकृतातल्या 'पाहुण'वरून मराठीत आला, असे व्युत्पत्ती सांगणारे म्हणतात. घूर्णणे म्हणजे फिरणे. तेव्हा पाहुणा म्हणजे मुळात हिंडत हिंडत दारी आलेला माणूस आणि यजमान म्हणजे ज्याचे दार जागच्या जागी आहे तो. परदेशात नोकरी करणाऱ्या मुलांकडे जेव्हा आई-वडील येतात, तेव्हा या शब्दाचा अर्थ उलटा होतो. हिंडत गेलेले असतो आम्ही आणि यजमानही आम्हीच. ज्यांनी आयुष्यात गाव सोडले नाही, ते मात्र आमच्या दारात बॅगा घेऊन पाहुणे म्हणून उभे राहतात.

आम्ही दोघे उरण तालुक्यातले. करळ फाट्यापासून फार लांब नसलेल्या एका गावातले. गेली अकरा वर्षे दुबईत आहोत. आमच्यापैकी एकजण जबल अलीच्या मुक्त व्यापार क्षेत्रात मालवाहतुकीच्या कचेरीत काम करतो, दुसरी एका दवाखान्याचे हिशेब पाहते. ज्यांच्याविषयी लिहायचे आहे ते आमच्यापैकी एकाचे आई-बाबा आणि दुसरीचे सासू-सासरे. पण या लेखापुरते ते दोघांचेही आई-बाबाच. २०२४ च्या जानेवारीअखेरीस ते आमच्याकडे आले. भेटीचा परवाना साठ दिवसांचा होता.

मराठी साहित्यात परदेशी गेलेल्या मुलाचे आई-वडील म्हटले की बहुतेकांना जयवंत दळवींच्या 'संध्याछाया'मधले नाना-नानी आठवतात. सत्तरच्या दशकातले ते नाटक आजही अंगावर येते. पण त्या नाटकाने, आणि त्याच्या वाटेने गेलेल्या असंख्य कथांनी, आपल्याला एकच चित्र पाहायची सवय लावली: मागे उरलेले घर, वाट पाहणारे म्हातारे आणि पलीकडे कुठेतरी असणारा, पत्रांतून आणि फोनवरून बोलणारा मुलगा. त्या मुलाच्या घरी ते म्हातारे जाऊन राहिले तर काय होते, याकडे आपले लेखन फारसे वळले नाही. वळले तेव्हाही ते अमेरिकेतच गेले आणि बर्फ, डिशवॉशर, घरात कोंडलेली आई एवढ्यावर थांबले. आखाताच्या वाट्याला तेवढेही आले नाही. त्याचे एक कारण आम्हाला असे वाटते की आखातात कोणी कायमचे जात नाही. तिथे नोकरी संपली की निवासाचा परवाना संपतो. म्हणजे यजमानही तिथे पाहुणाच असतो. त्याची मुदत थोडी लांब, एवढेच.

आई-बाबांच्या येण्याची तयारी खसखशीपासून सुरू झाली. संयुक्त अरब अमिरातीत खसखस आणायला बंदी आहे. अफूच्या झाडाचे बी म्हणून ती अमली पदार्थांत मोडते. आईच्या मसाल्यात खसखस असतेच. तिच्या सासूने तिला जसा शिकवला तसाच तो मसाला ती दर उन्हाळ्यात करते, आणि त्यात फेरफार करायला सांगणे म्हणजे तिच्या हाताला नाव ठेवण्यासारखे आहे. फोनवर हे समजावायला आम्हाला तीन दिवस लागले. अखेर तिने आमच्यासाठी खसखशीशिवाय वेगळा मसाला केला आणि पिशवीवर खडूने फुली मारली, म्हणजे घरच्या मसाल्यात तो मिसळू नये. पिशव्यांत आणखी होते ते सारे वजनकाट्याच्या धाकाने मोजून भरलेले: तांदळाचे पीठ, आमसुले, वाल, सोडे, जवळा, सुके बोंबील. सुक्या मासळीचा वास पहिल्याच दिवशी इमारतीच्या व्हरांड्यात पसरला आणि आम्ही जरा धास्तावलो. संध्याकाळी दारावर टकटक झाली. शेजारच्या मल्याळी बाई होत्या. त्यांनी तक्रार केली नाही. हे काय आहे, कुठून आणले आणि थोडे मिळेल का, असे विचारले. पुढचे दोन महिने त्या दोघींना एकमेकींची भाषा येत नसताना काय बोलायचे असे ते आम्हाला आजवर कळलेले नाही.

आईचा प्रश्न असा आठवड्यातच सुटला. तिने स्वयंपाकघर ताब्यात घेतले, डबे हलवले, आमची जाड बुडाची कढई नापसंत केली. देऱ्याच्या बाजारात तिला मासळी दाखवायला नेले तेव्हा ती आधी गप्प झाली. वातानुकूलित बाजार, बर्फावर ओळीने मांडलेले मासे, ना चिखल ना कोळणींचा आवाज. पापलेटाला इथे 'झुबैदी' म्हणतात आणि सुरमईला 'कनाद', हे तिने दोन फेऱ्यांत पाठ केले. कल्ले उचलून पाहायची तिची रीत विक्रेत्याला आवडली नाही. पण तिने निवडलेला मासा पाहून तो नंतर तिला कल्ले स्वतःच उघडून दाखवू लागला. जिताडा मात्र तिला मिळाला नाही. रायगडच्या खारेपाटात जिताडा ही नुसती मासळी नव्हे. कोणाचे काम अडले, कोणाकडे मोठा पाहुणा यायचा असला, तर खाजणातला जिताडा त्याच्या घरी पोचवायचा अशी जुनी रीत. ज्या बाजारात जिताडा नाही तिथे पाहुणचार कसा करता, असे तिने विचारले आणि आम्ही सुरमईवर भागवतो असे सांगितले. तिला ते पटले नाही.

बाबांचे मात्र काहीच कळेना. ते एक आदर्श पाहुणे झाले. सकाळी आमच्या आधी उठून अंथरुणाची घडी करून ठेवत. फ्रिज स्वतःहून उघडत नसत. पाणी मागून घेत. टीव्ही कोणी लावला तर पाहत, नाही तर खिडकीशी बसत. जेवणाला नावे ठेवणे हा ज्यांचा घरचा हक्क, ते दर जेवणानंतर 'छान झाले होते' म्हणू लागले. आम्ही दोघेही दिवसभर कामावर असू. परत आल्यावर विचारले की दिवस कसा गेला, तर उत्तर ठरलेले, 'मस्त'. आमच्या घरात हा शब्द त्यांनी त्यापूर्वी कधी वापरल्याचे आठवत नाही.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. ही भेट निव्वळ भेट नव्हती. आदल्या वर्षी गणपतीच्या दिवसांत बाबांच्या छातीत दुखले. गावातून मोठ्या रुग्णालयापर्यंत पोचायला कंटेनरच्या ट्रेलरांच्या रांगांतून जो वेळ लागला तो आम्ही इथे फोन कानाला लावून मोजला होता. हृदयाची वाहिनी उघडण्याची शस्त्रक्रिया झाली, बाबा सावरले. त्यानंतर आम्ही ठरवले की दोघांना इथेच आणायचे. त्यासाठी वेगळा निवासी परवाना काढावा लागतो, पगाराची अट असते, वयस्कांचा आरोग्य विमा महाग असतो. हे सारे आम्ही चौकशी करून ठेवले होते. बाबांच्या नावावर एक भूखंड आहे. तो विकला तर वर्षानुवर्षांचा विमा सुटतो, असा आमचा हिशेब होता. साठ दिवस राहून पाहा, असे आम्ही फोनवर म्हणालो होतो. कशासाठी पाहा, ते म्हणालो नव्हतो. पण आयुष्यभर लोकांचे कागद वाचत आलेल्या माणसाला ते सांगावे लागत नाही.

भूखंडाचा उल्लेख आला म्हणून थोडे मागे जावे लागेल. न्हावा-शेवा बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झाले. त्याआधी, नवी मुंबई आणि बंदर यांच्यासाठी जमिनी घेतल्या जात असताना, दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरण-पनवेलच्या शेतकऱ्यांनी लढा दिला. जानेवारी १९८४ मध्ये जासई आणि न्हावा-शेवा परिसरात गोळीबार झाला, पाचजण हुतात्मा झाले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकाला परत देण्याची योजना ही त्या लढ्याची कमाई. उरणमध्ये 'साडेबारा टक्के' एवढे म्हटले की पुढे काही बोलायचे नसते. तो आकडा राहिलेला नाही, नाम झाला आहे. बाबांची भातशेती आणि एका मिठागरातला वाटा गेला. मग ते कंटेनरच्या एका गोदामात टॅली क्लार्क झाले आणि निवृत्त होईपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्या पेट्यांचे नंबर लिहीत राहिले. विकायचा विचार आम्ही करत होतो तो भूखंड म्हणजे हा.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी आम्ही त्यांना जबल अली दाखवायला नेले. बंदराच्या आत अर्थातच जाता येत नाही. न्हावा-शेव्यालाही पासाशिवाय आत सोडत नाहीत, त्यामुळे बाबांना त्यात नवल वाटले नाही. बाहेरच्या रस्त्यावरून क्रेनांची रांग दिसते, तीच पाहायची. जबल अली १९७९ मध्ये सुरू झाले. ज्या दुबईच्या कंपनीकडे ते आहे, तिनेच २००६ मध्ये पी अँड ओ विकत घेतली आणि न्हावा-शेव्याचे १९९९ मध्ये सुरू झालेले पहिले खासगी टर्मिनलही तिच्याकडे गेले. आम्ही हे मोठ्या उत्साहाने सांगत होतो: बाबा, तिकडची पेटी तीन-चार दिवसांत इकडे लागते, तुम्ही लिहिलेले नंबर इथे कोणीतरी पुन्हा लिहीत होते. बाबांनी मान डोलावली. मग शेजारून जाणाऱ्या ट्रेलरवरच्या पेटीकडे पाहून त्यांनी चार अक्षरे आणि सात आकडे एका दमात वाचले, त्यातला शेवटचा आकडा पडताळणीचा असतो हे आम्हाला सांगितले, आणि विचारले, 'इथे कोणाची जमीन होती?'

आम्हाला उत्तर देता आले नाही. बराचसा वाळवंटी किनारा होता, मानवनिर्मित बंदर आहे, असे काहीतरी आम्ही म्हणालो. 'किनारा कोणाचा तरी असतोच,' एवढे बोलून ते गाडीत बसले. बाबा वाद घालत नाहीत. टॅली क्लार्क मोजतो, जुळले नाही तर तसा शेरा मारतो आणि पुढच्या पेटीकडे वळतो.

पैशांचा हिशेब मात्र ते मोठ्याने करत. प्रत्येक दिरहमाला बावीस-तेवीस रुपयांनी गुणून ते किंमत सांगत आणि वस्तू परत ठेवत. खाडीवरच्या 'अब्रा' नावाच्या होड्या तेवढ्या त्यांना परवडल्या, कारण भाडे एक दिरहम. देरा ते बर दुबई असे ते आमच्या सुटीच्या दिवशी चार-चार फेऱ्या मारत. मोरा ते भाऊचा धक्का या लाँचने ज्याचे तरुणपण गेले, त्याला ते पाणी ओळखीचे वाटले असावे. फरक एवढाच की मोऱ्याला गाळ साचल्यामुळे ओहोटीला लाँच बंद ठेवावी लागते आणि इथे वेळापत्रक भरती-ओहोटीला विचारत नाही. एकदा होडीत बसल्या बसल्या आम्ही त्यांना सांगितले की १९६६ पर्यंत दुबईत रुपयाच चालत असे. आखातासाठी रिझर्व्ह बँकेने १९५९ मध्ये वेगळ्या नोटा काढल्या होत्या. हे ऐकून ते प्रथमच मोकळे हसले. 'म्हणजे गुणाकार मी उगाच करत नाही,' असे म्हणाले.

मार्चमध्ये रमजान लागला आणि कचेऱ्यांचे तास दोनने कमी झाले. आम्ही लवकर घरी येऊ लागलो. पाहुणचाराची गंमत अशी की त्याला निवांतपणा लागतो आणि परदेशी नोकरदाराकडे नेमके तेच नसते. घरी आलेल्या माणसाच्या वाट्याला आपल्या थकव्याची साय येते. रमजानने आमची ती अडचण परस्पर सोडवली. त्याच दिवसांत आईच्या आग्रहाखातर अबू धाबीच्या वाटेवरचे नवे मंदिर पाहिले. फेब्रुवारीत त्याचे उद्घाटन झाले होते. दर्शन झाले, गर्दी झाली, त्याविषयी अधिक लिहिण्यासारखे आमच्याकडे काही नाही. लिहायचे आहे ते परतीच्या वाटेचे.

अबू धाबीच्या किनाऱ्याला मिठाने पांढरी पडलेली सपाट जमीन लागते. अरबीत तिला 'सब्खा' म्हणतात. खालचे खारे पाणी वर चढते, उन्हाने आटते आणि पृष्ठभागावर मिठाची साल धरते. बाबांनी गाडी थांबवायला लावली. उतरून ते वाकले, नखाने साल उचलली, जिभेवर ठेवली आणि थुंकून टाकली. मग त्या रखरखीत जागी उभे राहून त्यांनी आम्हाला मिठागर समजावून सांगितले. आम्ही दोघे मिठागरांच्या गावातले; पण आम्ही जन्मलो तोवर त्यातली बरीच भरावाखाली गेली होती, आणि आगरी हा शब्द ज्या आगरावरून आला असे म्हणतात ते आगर चालते कसे, हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते. भरतीचे पाणी उघाडीतून आत घ्यायचे. एका खाचरातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात ते हळूहळू न्यायचे, म्हणजे प्रत्येक ठिकाणी ते थोडे आटते आणि जड होते. सगळ्यांत शेवटच्या खाचराची जमीन आधी पायांनी तुडवून घट्ट केलेली असते. ती भुसभुशीत राहिली तर मिठात चिखल येतो. पाणी कुठवर आले हे ते रंगावरून आणि बोटाला लागणाऱ्या चिकटपणावरून ओळखत. पाऊस यायच्या आत सगळे मीठ उचलायचे. 'हे आपोआप होते,' समोरच्या पांढऱ्या जमिनीकडे हात करून ते म्हणाले, 'त्याला कोणी तुडवलेले नाही. म्हणून ते मीठ नाही.'

अर्धा तास ते बोलत होते. साठ दिवसांत त्यांनी एवढे सलग कधीच बोलले नाही. आणि तो अर्धा तास ते पाहुणे नव्हते. पाहुणे आम्ही होतो, ते आम्हाला आपले घर दाखवत होते.

त्या रात्री जेवणानंतर आम्ही विषय काढला. दवाखाना जवळ आहे, विम्याची सोय होईल, आईला शेजार मिळाला आहे, भूखंडाला आज भाव आहे. बाबांनी सगळे ऐकले. मग घरात ज्या बोलीत बोलतात त्या बोलीत, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच, म्हणाले, 'मना घरा जावाचा हाय.' आईकडे पाहिले तर ती भांडी आवरत होती. तिने पाठ न वळवता सांगितले की कढई जाड बुडाची असली तरी चालवून घ्यावी लागते, पण नेहमीसाठी नव्हे.

त्यानंतर आम्हाला त्यांच्या त्या आदर्श पाहुणेपणाचा उलगडा झाला. फ्रिज न उघडणे, अंथरूण घडी करून ठेवणे, जेवणाची स्तुती करणे, हा संकोच नव्हता. पाहुण्याला एक हक्क असतो जो घरच्या माणसाला नसतो: तो जाऊ शकतो. ज्या दिवशी ते आमच्या घरात डबे हलवू लागले असते, त्या दिवशी तो हक्क गेला असता. ज्या माणसाची जमीन एकदा, मोबदला देऊन का होईना, त्याला न विचारता गेली, तो दुसऱ्यांदा आपले ठिकाण इतक्या सहज कसे सोडेल? आणि या वेळी ते मागणारी त्याची स्वतःची मुले होती, तीही त्याच्याच भल्यासाठी. भल्यासाठी हा शब्द उरणने पूर्वी ऐकला आहे.

असे असले तरी आमची काळजी खोटी ठरत नाही, हेही इथे लिहून ठेवतो. छातीत पुन्हा दुखले तर ट्रेलरांची रांग तीच आहे. रस्ते बदलले हे खरे. १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतूचे उद्घाटन झाले, त्याच दिवशी उरणपर्यंतच्या लोकलचेही. आई-बाबा विमान पकडायला गेले ते त्या नव्या पुलावरूनच, आणि अडीचशे रुपये टोल दिल्याबद्दल बाबा अजून हळहळतात. बाबा आता तपासणीला लोकलने जातात. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले. त्याला दि. बां.चे नाव मिळावे म्हणून २०२१ मध्ये जी मानवी साखळी झाली होती तीत उभे राहिल्याचे छायाचित्र बाबांनी आम्हाला तेव्हा पाठवले होते. हे सगळे जवळ आले आहे. आम्ही आहोत तिथेच आहोत.

आम्ही वर्षातून एकदा, गणपतीला, गावी जातो. आमच्यासाठी नवी चादर काढली जाते. माशाचा मधला तुकडा आमच्या ताटात येतो. आई आम्हाला स्वयंपाकघरात हात लावू देत नाही आणि आम्ही जेवणानंतर 'छान झाले होते' म्हणतो. बाबांनी एकदा हे ऐकून आमच्याकडे जरा रोखून पाहिले होते.

भूखंड विकलेला नाही. त्यावर बाबांनी कुंपण घालून वाल लावले आहेत. त्यांच्या पारपत्राची मुदत पुढच्या वर्षी संपते. नूतनीकरणाचा अर्ज त्यांनी आम्हाला न विचारता भरून टाकला, हे गेल्या आठवड्यात आईकडून कळले. म्हणजे पुन्हा येण्याचा त्यांचा विचार आहे. अर्जावर तातडीच्या प्रसंगी कोणाला कळवायचे या रकान्यात त्यांनी शेजारच्या घरातल्या मुलाचे नाव आणि फोन नंबर लिहिला आहे.